उपरण्याखालचा हात

देवानं माझ्याशी सौदा केला, माझ्याकडून ठरलेलं सगळं घेतलं आणि शेवटी सौदा मोडला. फसवणारा तो, फसलेला मी.

मी दावीद, पेडगावचा. शेळ्यामेंढ्यांचा व्यापार करतो. महारोगाच्या दवाखान्यात राहून, गोळ्या पुऱ्या करून घरी आलो आहे. वरचं वाक्य मी तिथं इतक्यांदा बोललो की मला वऱ्हांड्यात येताना पाहून खाटेवरची माणसं म्हणायची, "आला बघा फसलेला." त्यातलं किती खरं आणि किती खोटं, ते पुढं सांगतो. ज्यांना नुकतंच कळलं आहे की आपल्या अंगावरचा चट्टा साधा नाही, त्यांच्यासाठी हे लिहिलं आहे. गोड लिहिणार नाही. मला गोड बोलता आलं असतं तर बाजारात याहून जास्त कमावलं असतं.

काय ठरलं होतं

माझा बाप गावकीची मेलेली जनावरं ओढायचा. आमच्या वस्तीतल्या काही घरांबरोबर त्यानंही बाप्तिस्मा घेतला. मला त्यानं नाव दिलं बायबलातल्या राजाचं. बाकी द्यायला त्याच्याकडं काही नव्हतं. मी तरणा झालो तेव्हा जिंतूरच्या बाजारात गेलो. विकून आणून देतो म्हटलं तरी मला शेळी द्यायला कुणी तयार नव्हतं. तिथं सटवाजी नावाचा एक धनगर मेंढरं घेऊन यायचा. त्याचा कळप आमच्या शिवारात बसायचा, त्यामुळं तो मला तोंडानं ओळखत होता. तो व्यापाऱ्यांना म्हणाला, "द्या त्याला. ह्यो माझ्या जबानीवर हाय. काय झालं तर मला इचारा."

अशी माझी सुरुवात झाली. पुढं मी बोलण्यात तयार झालो, भाव पाडण्यात तयार झालो. लोक मला चिडवून आणि घाबरूनही दाविदशेट म्हणू लागले. मी स्वतःच्या हिमतीवर उभा राहिलो, असं मी सगळ्यांना सांगत असे.

मग रझाकारांचं साल आलं. मी, माझी बायको साळू आणि सात-आठ वर्षांची मार्था, आम्ही उभ्या ज्वारीत लपून होतो. मार्थाच्या तोंडावर साळूचा हात होता. तिथं चिखलात बसून मी देवाला बोली लावली. आम्हा तिघांना धड ठेव. आमच्या अंगाला, घराला धक्का लावू नको. त्याबदली मी मंडळीच्या प्रार्थनाघरावर पत्रे घालीन, दर नाताळला वस्तीला जेवण घालीन, दारूला शिवणार नाही, एखादं अनाथ पोर शिकवीन. थोड्याच दिवसांत पोलीस ॲक्शन झाली, आम्ही ज्वारीतून बाहेर आलो, तिघंही धड होतो. मी समजलो, देवानं बोली कबूल केली.

माझ्याकडून मी सगळं केलं. बाजारात कुणाला सोडलं नाही, पण देवाच्या बाबतीत एक बोटही कमी केलं नाही.

बिडी

आमच्या बाजाराचा रिवाज असा. भाव तोंडानं बोलायचा नाही. दोघं समोरासमोर बसतात, हातांवर उपरणं टाकतात आणि खाली बोटं धरतात. एक बोट धरलं तर एक, दोन धरली तर दोन, पंजा धरला तर पाच. दहाची गोष्ट आहे की शंभराची, ते दोघांना ठाऊक असतं. भोवती कितीही गर्दी असली तरी भाव त्या दोन हातांनाच कळतो. आणि उपरण्याखाली कबूल केलेला सौदा उघड्यावर मोडायचा नाही. मोडला, तर त्या माणसाच्या हाताखाली पुन्हा कुणी हात घालत नाही.

त्या दिवशी सटवाजीचा अख्खा कळप मी घेत होतो. आता तो म्हातारा झाला होता आणि मी मोठा. उपरण्याखाली त्यानं माझी दोन बोटं धरली. इतका कमी भाव मला अपेक्षित नव्हता. म्हातारं खुळावलं, असं मनात म्हणून मी लगेच हात दाबला. सौदा झाला. उपरणं काढल्यावर सटवाजी म्हणाला, "चार."

मी म्हटलं, दोन. तो म्हणाला, चार धरली. भोवतीच्या व्यापाऱ्यांनी पुन्हा हात घालायला लावला. त्यानं पुन्हा धरली, मला पुन्हा दोनच कळली, आणि तो माझ्या तोंडाकडं बघत पुन्हा चार म्हणाला. मग माझा ताबा सुटला. भर बाजारात मी त्याला चोर म्हटलं. त्याच्या बापाला म्हटलं. त्याच्या मेंढरांनाही काहीतरी म्हटलं असेन. मी बिडी पेटवली, नेहमीसारखी मूठ करून, शेवटच्या दोन बोटांत धरून. शिव्या देत राहिलो.

सटवाजी खाली बघून म्हणाला, "दावीद, तुझी बिडी बोटापतूर जळाली."

मी पाहिलं. करंगळीचं कातडं काळं होऊन वर आलं होतं. वास सगळ्यांना आला होता, मला सोडून. काही वाटत नव्हतं. दुसऱ्याच्या हाताकडं बघावं तसं मी बघत होतो. मग कळलं, गर्दी मागं सरकली आहे. अगोदर खांद्याला खांदा लागत होता; आता भोवती मोकळी जागा होती आणि तिच्या मधोमध मी आणि सटवाजी.

त्यानं चारच धरली होती. शेवटची दोन मेली होती.

टाचणी

परभणीच्या दवाखान्यात डॉक्टरनं डोळे मिटायला लावले. टाचणी टोचतो, कुठं टोचलं ते सांगा, म्हणाले. मी अंदाजानं सांगू लागलो. इथं, आता इथं, आता मनगटाजवळ. आयुष्यभर समोरच्याच्या श्वासावरून भाव ओळखलेला माणूस मी. वाटलं, हेही ओळखीन. थोड्या वेळानं डॉक्टर म्हणाले, "दाविदराव, टाचणी केव्हाच खाली ठेवलीय."

त्यांनी रोगाचं नाव सांगितलं. मी विचारलं, नक्की का? काही कमीजास्त होईल का? हे मी खरंच विचारलं. ते हसले नाहीत, हे त्यांचे उपकार.

लोक विचारतात, ऐकून काय वाटलं. काही वाटलं नाही. बाहेर येऊन झाडाखाली बसलो. एक माणूस उसाचा रस विकत होता. मी घेतला, प्यायलो, पेला परत दिला. मग मनात आलं, पेला द्यायला नको होता. एवढंच.

पत्र्याखाली

घरी साळूनं ऐकून घेतलं आणि चुलीतली लाकडं मागं ओढली. तिचा भाऊ दुसऱ्या दिवशी आला. तिला आणि मार्थाला घेऊन जातो म्हणाला. पोरीचं लग्न व्हायचं आहे म्हणाला. साळू त्याला म्हणाली, "जेवून जा." तो जेवला नाही आणि एकटाच गेला. त्या रात्रीपासून माझं ताट वेगळं झालं. वेगळं साळूनं केलं नाही, मीच केलं. तिनं ते दोनदा परत इतर ताटांत ठेवलं, मी दोनदा काढलं. तिसऱ्यांदा तिनं सोडून दिलं.

रविवारी उपासनेला गेलो. मी बसलो ती सतरंजी रिकामी झाली. पाळक प्रार्थना करत होते, वर पत्रे उन्हानं कडकड वाजत होते. ते पत्रे मी घातलेले. मी वर बघत बसलो. त्या दिवशी मी देवाला पहिल्यांदा फसव्या म्हटलं. मनात म्हटलं, पण चांगलं स्पष्ट म्हटलं.

पाळक मागून घरी आले, दाराबाहेर उभे राहिले आणि म्हणाले की रात्रभराच्या वाटेवर मिशनचा दवाखाना आहे, नव्या गोळ्या आल्या आहेत, त्यांनी चिठ्ठी दिली तर घेतील. मी चिठ्ठी घेतली. ते दारातच उभे राहिले म्हणून मला राग होता. आत आले असते तरी असता.

तिथला दिवस

घंटेनं उठायचं. गोळी सिस्टरच्या समोर गिळायची. मग सगळे ओळीनं बसायचे, हातपाय पाण्यात भिजवायचे, तेल लावायचं आणि एकेक बोट, एकेक तळवा डोळ्यांनी तपासायचा. काटा रुतलाय का, फोड आलाय का, कापलंय का. तिथं लोकांच्या पायात खिळा घुसतो आणि ते दिवसभर चालतात. सिस्टर जरा करड्या होत्या. त्यांचं एकच वाक्य असायचं: "जिथं कळत नाही, तिथं बघायचं." सकाळी तेच, संध्याकाळी तेच. मला वाटायचं, यांना दुसरं वाक्य येत नाही.

नवीन येणाऱ्यांना एक सांगतो. तिथं पहिल्यांदा जेवायला बसलो तेव्हा इतरांचे हात पाहून मला घास उतरला नाही. थोड्याच दिवसांत हात दिसेनासे झाले, नुसती माणसं दिसू लागली. कोण डाळ जास्त घेतं, कोण खोटं खोकतं, कोणाला घरून कुणी येत नाही. आणि एक. तिथं कुणी मागं सरकत नाही. मागं सरकायला कुणी उरलेलंच नसतं. बाजारापासून पहिल्यांदा माझ्या खांद्याला कुणाचा तरी खांदा लागला, तो तिथं.

माझ्या शेजारच्या खाटेवर पोचीराम होता, निजामाबादकडचा. तरुणपणी शिंदीच्या झाडावरची दुसऱ्याची मडकी उतरवून पळायचा, हे तो स्वतःच मोठ्या खुशीत सांगायचा. नाक बसलेलं, पायाची बोटं गेलेली. घरचं कुणी येत नव्हतं. रविवारी तिथल्या प्रार्थनाघरात प्रभुभोजन असायचं, म्हणजे ख्रिस्ताच्या नावानं सगळ्यांना भाकरीचा तुकडा आणि प्याला, आणि हा सगळ्यांच्या पुढं, खुरडत, नव्या नवऱ्यासारखा जायचा. मी जात नव्हतो. देवाशी माझा वाद चालू होता. जो सौदा मोडतो त्याच्या पंगतीला आपण बसत नाही.

एकदा मी त्याला विचारलं, तू देवाला काय दिलंस?

"काय न्हाई."

"मंडळीला? गरिबाला?"

"माझ्याकडं व्हतं काय? मडकी दिली असती, ती बी दुसऱ्याची."

"मग कुठल्या तोंडानं पुढं बसतोस?"

त्यानं आपल्या बसलेल्या नाकाला हात लावला. "हेच हाय. दुसरं कुठलं आणू? ज्यानं बोलावलं त्याला इचार."

मला इतका संताप आला की मी खाट दुसऱ्या भिंतीला ओढून नेली. ज्यानं पत्रे घातले त्याला आणि मडकी चोरली त्याला एकच भाकर, एकच प्याला. हा कुठला न्याय?

पातेलं

मग मी दुसरा हिशोब मांडला. देव सौदा मोडतो म्हणजे त्याला भाव कमी वाटतो. बाजारात असंच असतं. समोरचा उठून चालला की एक बोट वाढवायचं. मी वाढवलं. पहाटे उठून झाडलोट करू लागलो. दुसऱ्यांच्या जखमा बांधू लागलो. दूरच्या खोलीत, ज्यांना चालता येत नव्हतं त्यांना पाणी नेऊ लागलो. सिस्टर म्हणाल्या, बरं आहे, पण स्वतःचे हात आधी बघत जा. मी हो म्हटलं. बघितले नाहीत. चांगल्या कामात देव सांभाळील, असं मला वाटत होतं. नव्हे, सांभाळायला तो बांधलेला आहे असं वाटत होतं.

एके दुपारी स्वयंपाकघरातून त्या दूरच्या खोलीकडं डाळीचं पातेलं न्यायचं होतं. धरायला गोणपाटाचे तुकडे असतात. ते सापडेनात. मी तसंच उचललं, दोन्ही हातांनी, काठाला धरून. अंगण ओलांडलं. वाटेत चौघांनी मला पाहावं असंही मनात होतं. पोहोचलो, ठेवलं, वाढलं. एका म्हाताऱ्यानं डाळ घेतली आणि माझ्या हाताकडं बघून वाटी खाली ठेवली.

उजव्या हाताचं कातडं पातेल्याच्या काठाला राहिलं होतं.

पुढचं थोडक्यात सांगतो. जखम चिघळली, आत गेली. उजवी करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट काढावं लागलं. दुखलं नाही. कापल्यावर माणूस ओरडतो, मला ओरडायलाही काही मिळालं नाही. सिस्टरनी पट्टी बांधताना ते वाक्य म्हटलं नाही. म्हटलं असतं तर बरं झालं असतं; भांडता आलं असतं.

मी खाटेवर पडून राहिलो. माझा धंदा बोटांचा. पंजा गेला म्हणजे पाच गेला. रोग उद्या बरा झाला तरी मी बाजारात कुठल्या हातानं बसणार? आणि हे सगळं कशात झालं, तर पुण्याच्या कामात. याहून मोठी फसवणूक मी आजवर पाहिली नव्हती. पोचीरामनं आपली खाट ओढत ओढत परत माझ्याजवळ आणली. घोरला मात्र भरपूर.

साळू

साळू आली. एकटी, आगगाडीनं, आयुष्यात पहिल्यांदा. फडक्यात ज्वारीच्या भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. भाकरी वाळून कडक झाल्या होत्या. तिनं पट्टीकडं पाहिलं. मार्था बरी आहे म्हणाली. दोन शेळ्या व्याल्या म्हणाली. तिच्या भावानं बोलणं टाकलं आहे, म्हणाली, ते बी बरंच हाय, लय बोलायचा.

मग मी सुरू झालो. ज्वारीतली बोली, पत्रे, नाताळची जेवणं, पातेलं. मी काय दिलं आणि त्यानं काय केलं. ती भाकर मोडत ऐकत होती. तुकडे पाण्यात भिजवून माझ्यासमोर ठेवत होती.

संपल्यावर ती म्हणाली, "अवं, तुमी देवाला बी बाजारात बसवलं."

मी म्हटलं, मग? त्यानं कबूल केलं नव्हतं का?

"कवा केलं? मी बी व्हते की ज्वारीत. तुमीच बोलत व्हता. उपरण्याखाली त्यानं हात घातल्याला तुमाला कळला का?"

मी भिजलेला तुकडा उचलला आणि परत ठेवला.

"तुमीच एका हातानं दुसऱ्या हाताची बोटं दाबली," ती म्हणाली. "आन् आता भाव मोडला म्हणून वरडायलाव. खावा."

मी खाल्लं. व्यापारी म्हणून मला तेव्हाच कळलं की मी हरलो आहे. माणूस म्हणून कळायला वेळ लागला. समोर कुणी नसताना मी सौदा केला होता. आम्ही वाचलो ते बोलीमुळं नव्हे. रोग आला तो बोली मोडली म्हणून नव्हे. माझे पत्रे, माझी जेवणं, त्यांची तिथं कुणी किंमतच केली नव्हती. हे समजल्यावर शांती मिळते असं लोक म्हणतात. मला नाही मिळाली. ज्याची दुकानदारी बुडाली तो माणूस बंद दुकानासमोर बसतो, तसा मी बसलो.

भाकर

पुढच्या रविवारी गेलो. भक्ती आली म्हणून गेलो नाही. पोचीरामला त्या दिवशी पायाच्या जखमेमुळं खुरडता येत नव्हतं. त्याला धरून नेणारं कुणी नव्हतं, म्हणून गेलो आणि त्याच्याशेजारी बसावं लागलं.

तिथले पाळक म्हातारे होते, पुटपुटल्यासारखं बोलायचे. ते म्हणाले, देवापुढं उभं राहायला जे नीतिमत्त्व लागतं ते आपल्यातल्या कुणाजवळ नाही, चांगल्याजवळही नाही; ते ख्रिस्ताचं आहे आणि तो ते आपल्या नावावर करतो. हे मी लहानपणापासून ऐकलं होतं. ऐकून सोडून दिलं होतं. फुकट मिळणाऱ्या मालात खोट असते, हा माझा अनुभव.

सगळ्यांनी हात पुढं केले, डोळे मिटले. मीही केले. उजव्याला पट्टी, म्हणून डावा. तोवर त्याचीही जाण गेली होती. पाळकांची पावलं आली, पुढं गेली. हातावर काही पडलं नाही. मला वगळलं. इतके रविवार आलो नाही, म्हणून वगळलं. डोकं तापलं. आता उठून जायचं, पोचीराम गेला खड्ड्यात, असं म्हणून मी डोळे उघडले.

भाकरीचा तुकडा माझ्या हातावर होता. केव्हाच ठेवलेला.

मी कितीतरी वेळ त्याच्याकडं बघत राहिलो. मग सिस्टरचं ते वाक्य आठवलं, ज्याचा मला कंटाळा होता. जिथं कळत नाही, तिथं बघायचं.

मी खाल्लं. छाती भरून आली नाही, डोळ्यांत पाणी आलं नाही. काही वाटलं नाही. पण तुकडा होता, हे खरं होतं. मला वाटण्यावर तो अवलंबून नव्हता. त्या दिवसापासून मी स्वतःला चाचपून बघणं बंद केलं: आज माझ्यात काही चांगलं आहे का, विश्वास आहे का, देव खूश आहे का. मेलेल्या बोटानं चाचपून काय कळणार? मी ख्रिस्ताकडं बघतो. त्याचं आहे का? आहे. मग झालं.

पोचीराम बाहेर आल्यावर म्हणाला, "काय दाविदशेट, फुकटचं खाल्लं का?"

मी म्हटलं, गप बस. पण खाट पुन्हा भिंतीला नेली नाही. जखमा बांधणं, पाणी नेणं पुढंही केलं. फरक इतकाच की आता गोणपाट सापडल्याशिवाय पातेलं उचलत नसे. बोली लावायची नसली की माणसाला सावकाश चालता येतं.

वाट

आपला भाग मुंबई राज्यात गेला त्याच्या आगेमागे मला रजा मिळाली. रोग थांबला, आता कुणाला लागणार नाही, असं त्यांनी सांगितलं. सिस्टरनी निरोप देताना दोन्ही हात उलटेपालटे करून पाहिले आणि नुसती मान हलवली.

गाडीत एका बाईनं माझा हात पाहिला आणि आरडाओरड केली. चुडाव्याच्या स्टेशनवर मला उतरवलं. पूर्वीचा मी असतो तर ती गाडी तासभर हलू दिली नसती. मी उतरलो, नळावर पाणी प्यायलो आणि रुळाच्या कडेनं चालत निघालो. मधून मधून बसून तळवे तपासले. कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. घरी पोहोचलो तेव्हा साळू शेळ्यांना पाला टाकत होती. तिनं माझं ताट इतर ताटांत ठेवलं. मी काढलं नाही.

मग जिंतूरचा बाजार. जावंच लागलं, मार्थाचं लग्न व्हायचं होतं आणि मला दुसरं काही येत नाही. माझ्या सतरंजीवर कुणी बसेना. लोक लांबून रामराम करत आणि दुसरीकडं वळत. दुपार झाली. उठावं म्हणून मी उपरणं झटकलं, तर समोर सटवाजी येऊन बसला. फार थकला होता. ज्याला मी भर बाजारात चोर म्हटलं तोच. त्यानं आपला हात पुढं केला.

मी उपरणं टाकायला गेलो.

"काढ ते," तो म्हणाला. "तुला खाली कळायचं न्हाई. उघड्यावर धरतो. बघून घे."

आमच्या बाजारात असं कधी कुणी केलं नव्हतं. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत त्यानं माझा हात हातात घेतला, तुटक्या बाजूनं. अंगठ्यापासून मोजल्यासारखं केलं आणि म्हणाला, "तीनच उरली. म्हंजी तुझ्यासंगं भाव आता तिनाच्या वर जायचा न्हाई. तुझा फायदाच झाला की रं."

मी विचारलं, का करतोस हे? मी तुला काय काय बोललो.

"मेंढरं विकायचीत," तो म्हणाला. मग भोवतीच्या व्यापाऱ्यांकडं वळून म्हणाला, "ह्यो माझ्या जबानीवर हाय. काय झालं तर मला इचारा."

तेच शब्द. मी स्वतःच्या हिमतीवर उभा राहिलो असं इतकी वर्षं सांगत होतो, आणि उभा होतो कुणाच्या जबानीवर? पहिल्या दिवशीही आणि आजही. दुसऱ्या एका व्यापाऱ्यानं संध्याकाळपर्यंत वाट पाहिली, मग तोही येऊन बसला.

तर वाचणाऱ्या भावांनो, बहिणींनो, गोळी वेळेवर घ्या. हात बघत जा. चांगलं काम करा, डाळ लोकांना लागतेच. पण त्याच्या बदल्यात काही मागू नका. समोर दुसरा हात नसतो. जे मिळतं ते दुसऱ्याच्या जबानीवर मिळतं.

मी मेल्यावर मला विचारतील, काय आणलंस? मी पत्र्यांचं नाव काढणार नाही, नाताळच्या जेवणांचं नाही, पातेल्याचं तर नाहीच. उरलेल्या बोटांनी ख्रिस्ताकडं दाखवीन आणि सांगेन, मी ह्याच्या जबानीवर आलोय. माझ्याबद्दल काय विचारायचं ते ह्याला विचारा.

आणि प्रभू, तुलाही एक सांगतो. सौदा झालाच नव्हता, हे मला कबूल. पण माझ्यासाठी उत्तर द्यायला तूच उभा आहेस, तर माझ्या त्या दोन बोटांचं उत्तरही दुसऱ्या कुणाकडं मागू? ती तुझ्याच अंगणातून डाळ नेताना गेली. मी हात उघडा धरून समोर उभा राहीन. जाब तू द्यायचा आहेस.